बांधापलीकडची कोरी पट्टी

मुकादमाचं आयुष्य दुसऱ्यांची खापरं स्वतःच्या डोक्यावर फोडून घेण्यात गेलं, असं म्हटलं तर त्यात फारशी अतिशयोक्ती होणार नाही. खाणीत क्रशरवर तो लागला तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटलं होतं आणि खाण बंद पडली तेव्हा मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. मधल्या काळात कुणाच्या हातून पट्टा तुटला, कुणी दगडाबरोबर लोखंडाचा तुकडा क्रशरच्या जबड्यात जाऊ दिला, कुणी भरल्या ट्रकचं मागचं फाळकं लावायला विसरला, की मुकादम मालकाच्या खोलीत जाऊन सांगायचा, माझ्याकडून झालं. मालक तोंडाला येईल ते बोलायचा. मुकादम मान खाली घालून ऐकायचा, बाहेर यायचा आणि ज्याची चूक असेल त्याला एवढंच म्हणायचा की उद्यापासून डोळे उघडे ठेव. खरं काय ते मालकालाही ठाऊक असायचं. पण त्याला ओरडायला एक ठरलेला माणूस मिळाला होता आणि कामगारांना पाठीशी घालणारा एक मुकादम मिळाला होता. सगळ्यांचंच बरं चाललं होतं.

लोक त्याला देवमाणूस म्हणायचे. खरं सांगायचं तर मुकादमाला या मोठेपणाची थोडी चटकच लागली होती. कुठे काही फुटलं, सांडलं, की त्याचा पाय आपोआप पुढे पडायचा. बायको होती तोवर ती टोमणे मारायची की उद्या कुणाच्या घराला आग लागली तर काडी मीच ओढली म्हणून सांगून याल. ती गेली आणि टोकणारं कुणी उरलं नाही.

धाकटा भाऊही खाणीतच होता. त्याच्या छातीत दगडाची धूळ बसली. शेवटची दोन-तीन वर्षं तो घराच्या ओट्यावर बसून नुसता श्वास ओढत असायचा आणि मुकादम शेजारी बसून तो मोजल्यासारखा ऐकत असायचा. भाऊ गेला तेव्हा त्याचा मुलगा शाळेत होता. मुकादमाला स्वतःचं मूल नव्हतं. घर एकच, मधे एक भिंत. पण बायको गेल्यापासून चूल भिंतीच्या पलीकडे, भावजयीच्या बाजूला, एकच पेटायची. तिथल्या टेबलाला चार खुर्च्या होत्या. त्यातली भिंतीकडची खुर्ची कुणी वापरत नव्हतं आणि कुणी हलवतही नव्हतं.

वडिलांनी शेताच्या मधोमध बांध घालून दोन वाटे केले होते. रस्त्यावरून बघितलं तर डावीकडचा मुकादमाचा, उजवीकडचा धाकट्याचा. जमीन दोन्हीकडची सारखीच नाठाळ. वर्षानुवर्षं नुसतं खत ओतून ती आंबली होती. मका गुडघ्याएवढा झाला की पिवळा पडायला लागायचा, पानांच्या कडा जांभळ्या व्हायच्या आणि कणसं धरायच्या वेळेला झाड जणू जीवच सोडून द्यायचं. भावांनी आयुष्यात कशाची वाटणी करताना भांडण केलं नव्हतं, कारण भांडावं असं काही वाट्याला आलंच नव्हतं.

खाण बंद झाली तरी खाणीच्या मागचा भुकटीचा ढीग तसाच राहिला होता. काळ्या दगडाची बारीक भुकटी. वारा सुटला की ती गावभर फिरायची. मुकादमाच्या बायकोने जन्मभर त्याचे कपडे घराबाहेरच्या भिंतीवर आपटून झटकले होते, त्या भिंतीचा रंग कधीच कळला नव्हता. त्या भुकटीसाठी एक दिवस शहरातून एक बाई आल्या. डोक्यावर कापडी टोपी, पायात चिखलाचे बूट, हातात माती काढायचं लांब गिरमिट. गाव त्यांना मातीवाल्या बाई म्हणायला लागलं.

बाईंनी शाळेच्या वर्गात सगळ्यांना गोळा करून समजावलं. ही भुकटी शेतात टाकायची. पावसाच्या पाण्यात हवेतला तो वायू थोडा विरघळून येतो, ज्याच्यामुळे जग तापतंय. ते पाणी भुकटीला हळूहळू खातं. दगड झिजतो आणि तो वायू पाण्यातच बांधला जाऊन जमिनीखाली जातो, पुढे नदीला, समुद्राला मिळतो, पुन्हा हवेत येत नाही. वर झिजलेल्या दगडातलं पिकाला लागणारं काय काय मातीत उतरतं आणि जमिनीचा आंबटपणा मोडतो. हे काम दगड तसाही करतोच, पण डोंगराला लाख वर्षं लागतात. पीठ केलं तर लवकर होतं.

मागच्या बाकावर हशा पिकला. आता जमिनीलाही दगड खायला घालायचे, माणसांनी खाल्ले तेवढे पुरे झाले नाहीत वाटतं, असं कुणीतरी म्हणालं. मुकादमही हसला, आणि हसता हसता त्याला खोकला आला. ज्या धुळीला आयुष्यभर शिव्या दिल्या तिचं औषध होतं हे पचायला त्याला वेळ लागला. पण बाईंचं पुढचं वाक्य त्याने नीट ऐकलं. गुण आला असं दाखवता आलं, तर जुनं क्रशर पुन्हा सुरू होणार होतं, बारीक दळणारी गिरणी बसणार होती आणि गावातल्या माणसांना काम मिळणार होतं.

तपासणीसाठी बाईंना हवं होतं एक असं शेत, ज्याचे दोन भाग अगदी सारखे आहेत. एका भागात भुकटी टाकायची, दुसरा कोरा ठेवायचा. म्हणजे फरक पडला तर तो भुकटीनेच पडला असं छातीठोकपणे सांगता येईल. भावांच्या शेताइतकं सारखं शेत त्यांना दुसरं मिळालं नाही.

कोरा भाग कुठला, हे ठरवायला बाईंनी बांधावर उभं राहून नाणं उडवलं. कोरेपण उजवीकडे, भावजयीच्या वाट्याला आलं. मुकादम लगेच पुढे झाला. म्हणाला, तिला भुकटी द्या, माझी बाजू कोरी राहू दे. बाईंनी मान हलवली.

"मुकादम, इथे मोठेपणा चालत नाही. माणसाने निवड केली की सगळं वाया. नाण्याने जे सांगितलं तेच करायचं."

कोपऱ्यांवर पांढरे खुंट ठोकले गेले. भावजय बांधावर हाताची घडी घालून उभी होती. घरी जाताना ती म्हणाली की नाण्याला सुद्धा माझं घर बरोबर सापडतं.

तिच्या मुलाला, म्हणजे पुतण्याला, या कामामुळेच गावी परत येता आलं. तो लांबच्या शहरात एका गोदामात माल चढवायचा, महिनोन् महिने तोंड दिसायचं नाही. भुकटी फेकणारं यंत्र ट्रॅक्टरच्या मागे लावून चालवायला माणूस हवा होता, मुकादमाने शब्द टाकला आणि पोरगं सामानाची पिशवी घेऊन दारात उभं राहिलं. भावजयीच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे उजळलं ते पुढे कितीतरी दिवस तसंच राहिलं. आमचा ड्रायव्हर आमचा ड्रायव्हर म्हणून ती दुकानात उगाचच विषय काढायची. पोरगं कामाला चोख होतं. तोंडावर मास्क घट्ट बांधल्याशिवाय मुकादम त्याला यंत्रावर बसू द्यायचा नाही, त्याबाबतीत मात्र तो कुणाचं काही ऐकत नव्हता. वारा असेल तेव्हा भुकटी फेकायची नाही, बांधाजवळ आलं की मागची झडप बंद करायची, हे बाईंनी त्याला बजावलं होतं.

पहिल्याच महिन्यात पोराने यंत्र खाणीच्या फाटकाला घासलं. खांब वाकला, झडपेला पोचा आला. मुकादम सवयीप्रमाणे खाणीवर बाईंच्या खोलीत गेला आणि म्हणाला की यंत्र मीच चालवत होतो. बाईंनी ते सगळं खिडकीतून बघितलं होतं. त्या पोट धरून हसल्या. पोराला ओरडल्याही नाहीत. पुढे कितीतरी वेळा, पाहुण्यांना शेत दाखवताना, त्या ही गोष्ट सांगायच्या आणि मुकादम कान पकडून हसायचा. त्यालाही ती गोष्ट आवडायची.

पहिल्या हंगामात फरक लख्ख दिसला. बांधाच्या डावीकडे मका काळपट हिरवा, जाड धांड्याचा. उजवीकडे तोच मका, तेच बियाणं, तोच पाऊस, आणि तरी पिवळा, केविलवाणा. बाई आनंदाने नुसत्या बांधावरून येरझारा घालत होत्या आणि फोटो काढत होत्या. मुकादम मात्र रस्त्यावर थांबणाऱ्या माणसांकडे बघत होता. शाळेच्या वर्गातलं सगळं त्याला कळलं होतं, पण गावाला ते कळून घ्यायचं नव्हतं. रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसत होतं ते एवढंच की थोरल्याचं शेत डोलतंय आणि विधवा भावजयीचं उपाशी मरतंय. न्हाव्याच्या दुकानात मुकादम पाळीची वाट बघत बसला होता, तेव्हा आत खुर्चीवरचा एकजण साबण लावलेल्या तोंडाने म्हणाला की भाऊ गेला, आता भावाची जमीन पण वाळवायला घेतलीय. मुकादम बाहेर बसलाय हे त्याला ठाऊक नव्हतं. मुकादम दाढी न करताच उठून आला.

आयुष्यात त्याच्याविषयी लोक बरंच बोलले होते. मूर्ख म्हणाले होते, भोळा म्हणाले होते. लबाड कुणी म्हटलं नव्हतं. तो शब्द त्याच्या जिव्हारी लागला. तरीही त्याने गिळला असता. पण एका संध्याकाळी भावजय टेबलावर ताट ठेवता ठेवता, तक्रारीचा सूर न काढता म्हणाली, "ते असते तर त्यांनी नाणं उडवू दिलं असतं का हो, दादा?"

पुतण्याने आईला गप्प केलं. मुकादमाने घास तोंडात तसाच धरून ठेवला.

दुसऱ्या पेरणीच्या आधी त्याने सुरुवात केली. पहाटे सगळे झोपेत असताना तो पाणी बघायला जातो म्हणून निघायचा. त्याच्या शेताच्या कोपऱ्यात भुकटीचा ढीग उतरवलेला असायचाच. घमेलं भरायचं, कमरेवर घ्यायचं, बांध ओलांडायचा आणि मुठीमुठीने विखुरायची. वर मातीत पायाने ढवळून टाकायची, कुणाला दिसू नये म्हणून. तो स्वतःला सांगायचा की थोडीशीच तर टाकतोय, यंत्र टाकतं त्याच्या निम्मीही नाही. बाईंना फरक दिसायचा तेवढा दिसेलच. नाण्याचा मान राखायचा म्हणून जमिनीला किती दिवस उपाशी ठेवायचं. आणि हेही खरं की भावाच्या मातीत मूठ उघडताना त्याला बरं वाटायचं. ज्या धुळीने भाऊ नेला तिचंच काहीतरी चांगलं आपण त्याच्या दारात नेऊन ठेवतोय, असं त्याच्या मनात यायचं. घमेलं जड होतं आणि हात म्हातारे. बांधाच्या जवळ भुकटी भरपूर पडायची, पुढे पुढे विरळ होत जायची, आणि पार टोकापर्यंत तर तो फार कमी वेळा पोचला.

त्या हंगामात उजवीकडचा मका उठला. डावीकडच्या इतका नाही, पण बांधाजवळच्या ओळी बघून रस्त्यावरची माणसं थांबायला लागली. भावजयीने त्या वर्षी कंबर मोडेपर्यंत खुरपणी केली होती, एक तण उभं राहू दिलं नव्हतं. आपल्या कष्टाला फळ आलं असं तिने धरलं, आणि धरणारच. तिची चाल बदलली. भुकटी नाही, बिकटी नाही, नुसत्या हातांनी पिकवलं, असं ती गावभर सांगत सुटली. मुकादम ऐकायचा आणि त्याला बरं वाटायचं. एवढ्या सोप्या उपायाने घरात एवढं सुख येतं हे आपल्याला आधी का सुचलं नाही, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

बाईंच्या चेहऱ्यावरचा आनंद मात्र उतरला होता. कोऱ्या भागात पुरलेल्या नळ्यांमधलं पाणी त्यांनी तपासलं, माती वाळवली, चाळली, भिंगाखाली धरली. काळ्या दगडाचे कण त्यात चमकत होते. एके सकाळी त्या मातीची पिशवी हातात घेऊन शेतावर आल्या. भावजय, पुतण्या आणि मुकादम तिघेही तिथे होते.

"या बाजूला कुणी भुकटी टाकली आहे का?" बाईंनी विचारलं.

पुतण्या नाही म्हणाला. भावजय तर उसळलीच. म्हणाली, माझ्या हातची खुरपणी आहे ही, हे बघा हात. तिने खरोखरच दोन्ही पंजे पुढे केले, चिरा पडलेले, काळे. बाईंनी मग मुकादमाकडे बघितलं. सांगायची वेळ होती ती हीच. तो तोंड उघडणार, तोच त्याची नजर त्या पंजांवर गेली. जिला आयुष्यात कुणी शाबासकी दिली नव्हती, तिच्या हातून ती भर शेतात काढून घ्यायची, तीही दिराने. मुकादम मूग गिळून बसला. त्याला वाटलं, बाई चार दिवस चिडतील, मग विसरतील. खाणीच्या मालकाचंही तसंच असायचं.

पण बाईंच्या वर शहरात साहेब होते, आणि ते मालकासारखे ओरडून मोकळे होणारे नव्हते. दोन हंगामांचं काम वाया गेलं होतं. पीक चांगलं आलंय हे सगळ्यांना दिसत होतं, पण कोरं म्हणावं असं काही उरलंच नव्हतं, तर फरक मोजायचा कशाशी आणि हवेतलं किती बांधलं गेलं हे सांगायचं कशाच्या आधारावर. साहेब एकदा येऊन शेत बघून गेले. बांधाजवळ भुकटी दाट, लांब जावं तशी विरळ. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या निकाल दिला की वाऱ्यात यंत्र चालवलं, झडप बंद केली नाही, ड्रायव्हरचा हलगर्जीपणा. हे शेत रद्द. काम दुसऱ्या खोऱ्यात हलवायचं, गिरणीही तिकडेच बसेल. ड्रायव्हर तिकडचा कुणीतरी घेऊ, आणि हा जिथे जिथे काम मागायला जाईल तिथे याचं काय झालं ते कळवायला हवं.

पुतण्या घरी आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने आईला सगळं सांगितलं, मग बाहेर जाऊन ट्रॅक्टरची चावी काढून ठेवली. जेवण तसंच टाकून मुकादम सरळ खाणीवर बाईंच्या खोलीत गेला.

ती खोली म्हणजे पूर्वीची वजनकाट्याची खोली. टेबलावर वर्तमानपत्रं पसरून त्यावर माती वाळत घातलेली, कोपऱ्यात चाळण्या, भिंतीशी पाण्याच्या बाटल्यांच्या रांगा. बाई सामान खोक्यात भरत होत्या. मुकादमाने दारातच सांगून टाकलं की भुकटी मी टाकली, घमेल्याने, पहाटे, पोराचा काही संबंध नाही.

बाईंचा हात थांबला. त्यांनी चष्मा काढला आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. मग थकल्या आवाजात म्हणाल्या, "फाटकाचा खांबही तुम्हीच वाकवला होता, नाही का मुकादम?"

"तेव्हा खोटं बोललो होतो. आता खरं सांगतोय."

"दोन्ही वेळा तुमचा चेहरा हाच होता."

मुकादम बोलत सुटला. कुठून भरायचो, कुठे ओतायचो, पाय कसा फिरवायचो, सगळं. जन्मभर दुसऱ्याच्या चुका त्याने एका वाक्यात सांगून टाकल्या होत्या. आता स्वतःची सांगताना त्याची ततपप होत होती आणि त्यामुळे ती जास्तच खोटी वाटत होती. बाईंनी शांतपणे सांगितलं की भुकटीची पसरण बघितली तर वाऱ्यानेच उडालेली आहे, बांधाजवळ जास्त आणि पुढे कमी.

"तो वारा नाही, बाई. माझे हात थकायचे."

बाईंनी टेबलावर वाळत घातलेल्या मातीकडे बघितलं. त्या एका क्षणात त्यांना ते पटलंही असेल. मुकादमाला तरी तसं वाटलं. पण मग त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. म्हणाल्या की मी मानलं तरी साहेब मानणार नाहीत, तुमची खांबाची गोष्ट मीच त्यांना सांगितली होती, हसत हसत. आज सकाळीच ते म्हणाले की बघा, संध्याकाळपर्यंत तो म्हातारा येईल आणि मीच केलं म्हणेल.

"तुम्ही फार चांगले आहात, मुकादम. पण पोराला त्याच्या चुकीची जबाबदारी घेऊ द्या."

खाणीच्या रस्त्याने परतताना मुकादमाला पहिल्यांदाच स्वतःच्या त्या चांगुलपणाची किळस आली. ज्याने त्याने पाठ थोपटून त्याला असा एक माणूस करून ठेवला होता, ज्याच्या तोंडून खरी चूक बाहेर पडली तरी तिला कुणी हात लावणार नव्हतं. आणि त्या माणसाला तसा घडवायला तो स्वतःच तर पुढे पुढे करत होता.

घरी येऊन त्याने भावजयीला सांगितलं. भांडी घासत होती ती. आधी तिला नीट कळलंच नाही. कळलं तेव्हा तिने ओले हात पदराला न पुसताच वळून बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि राग.

"पोराला वाचवायला माझं पीक पण काढून घेता, दादा?"

मुकादम म्हणायला गेला की खुरपणी तुझीच, कष्ट तुझेच, पण भुकटी माझी. ती ऐकायला थांबली नाही, पाठ करून पुन्हा भांड्यांना लागली. पोराचं काम गेलं ते गेलं, तेवढं तरी माझं राहू द्या, असं ती भांड्यांकडे बघत म्हणाली. त्यानंतर मुकादमाने तिच्यासमोर तो विषय काढला नाही.

राहिला पुतण्या. तो रात्री ओट्यावर काकाच्या शेजारी येऊन बसला. बाईंनी त्याला सांगितलं होतं की तुझा काका येऊन गेला. तो चिडलेला नव्हता. म्हणाला की काका, या वेळी नको होतं जायला. मग म्हणाला की मी खूप आठवून बघितलं. एक दिवस शेवटच्या फेरीला वारा सुटला होता. काम संपवायच्या नादात मी थांबलो नव्हतो. झडप बंद केली होती असं वाटतं, पण आता खात्रीने सांगता येत नाही.

"तू बंद केली होतीस," मुकादम म्हणाला. "तू काही केलं नाहीस रे. मी केलं. मी."

"हो, काका," पुतण्या म्हणाला. म्हाताऱ्या माणसाला शांत करायला म्हणावं तसं. आणि त्याने काकाच्या हातावर हात ठेवला.

मुकादमाने त्याचा हात झटकला नाही. पोराला दूर लोटायचं बळ त्याच्या अंगात नव्हतं. पण त्याला दिसत होतं की हे पोरगं आता जन्मभर प्रत्येक यंत्राची झडप पुन्हा पुन्हा तपासून बघणार, रस्त्यातून मागे फिरून बघणार, आणि तरी त्याला स्वतःचा भरवसा येणार नाही. काम तर गेलंच होतं. त्यापेक्षाही आतलं काहीतरी गेलं होतं, आणि ते नेणारा शेजारी बसून होता.

पुढच्या आठवड्यात पोरगं परत त्या लांबच्या शहरात निघालं. जुन्या गोदामात रात्रपाळी मिळाली होती. भावजयीने त्याची पिशवी भरली, रिकामी केली, पुन्हा भरली. बस यायच्या आधी मुकादमाने त्याला बाजूला घेतलं आणि आणखी एकदा सगळं सांगायचा प्रयत्न केला. पुतण्या ऐकत होता, मान डोलावत होता, आणि त्याची नजर रस्त्याच्या वळणावर होती. बस आली. चढता चढता तो म्हणाला की काका, तुमच्यासारखा माणूस मला पाठीशी घालायला होता हेच माझं नशीब. दार बंद झालं. बस गेल्यावर भावजय डोळे पुसत घराकडे वळली आणि मुकादम तिच्या मागून चालायला लागला.

वाटेत शेत लागलं. खाणीकडची माणसं येऊन पांढरे खुंट उपटून घेऊन गेली होती. बांधाच्या दोन्ही बाजूंना मका डौलात उभा होता. रस्त्यावरून जाणारा एकजण थांबून म्हणाला की दगडाच्या पिठाने काही होत नाही हे शहरवाल्यांना शेवटी कळलं म्हणायचं, कोऱ्या जमिनीत पण तेवढंच आलं की पीक. भावजय डोळ्यांत पाणी असतानाही जराशी ताठ झाली. होतं, खूप होतं, दोन्ही बाजूंना झालं, हे सांगायला साऱ्या गावात एकच माणूस होता आणि त्याने तोंड उघडलं नाही.

संध्याकाळी तिने दोन ताटं वाढली. एवढे महिने तिसऱ्या ताटाची सवय झालेली होती, म्हणून पातेल्यात उरलं बरंच. मुकादम ताटाकडे बघत बसला. ती समोर बसली आणि थोड्या वेळाने, त्या दिवशीचा राग पार विसरून, मायेने म्हणाली, "उगाच मनाला लावून घेऊ नका, दादा. तुमची काही चूक नाही यात."

मुकादमाने मान डोलावली आणि जेवायला सुरुवात केली. ताट पूर्ण संपवलं, कारण काही टाकलं असतं तर ती पुन्हा त्याची समजूत घालत बसली असती.